मदत हवी आहे: 'शाळा' सिनेमाच्या उणिवा कशा मांडू?

नमस्कार मंडळी. नागपुरात धरमपेठेत आमचा छोटा गट सिनेमा पाहून चर्चा करतो. या रविवारी सुजय डहाके यांचा 'शाळा' आहे आणि सुरुवात मला करायची आहे.

बलस्थानं सांगणं सोपं आहे. वर्गातली चोरटी नजर, मित्रांच्या गप्पा, नायक मुकुंद जोशीची घालमेल, नरूमामाशी त्याचं मोकळं नातं. मुलं अभिनय करताहेत असं वाटतच नाही. अडतंय ते पुढे. मिलिंद बोकील यांच्या मूळ कादंबरीत मुकुंद स्वतः बोलतो, त्याचा मिस्कील, भाबडा आवाज पानोपानी सोबत असतो. पडद्यावर तो आवाज क्षीण होतो, असं माझं मत. कथा आणीबाणीच्या काळात घडते, पण तीही मागेच राहते. ती मुलांच्या जगण्यात आणखी शिरायला हवी होती. की जुन्या दिवसांच्या गोडव्यात आपलंच तिच्याकडे लक्ष जात नाही?

ज्यांनी कादंबरी वाचलीय आणि सिनेमाही पाहिलाय, त्यांनी कृपया एखादा नेमका प्रसंग सांगा, जिथे सिनेमा कमी पडतो किंवा पुस्तकाच्या पुढे जातो. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'शी तुलना करू का? तिथेही शाळकरी मुलगाच आहे, पण स्मरणरंजनाचा सोस मला जाणवला नाही. शनिवारपर्यंत सांगितलंत तर फार उपयोग होईल.