मदत हवी आहे : १ टीबी मेमरी असून "मेमरी कमी" म्हणतोय, अजून किती टाकू??

हिशेबाची_वही
लॅपटॉप इतका स्लो झालाय की उचलून आपटावासा वाटतोय. मेमरी १ टीबी आहे, त्यातली निम्मी पण भरलेली नाही, तरी एक्सेल मधेच सांगतं पुरेशी मेमरी नाही आणि गपकन बंद. दुकानदार म्हणतो १६ टाका, पळेल. भाऊ म्हणतो ८ बास. नक्की किती टाकू तेवढंच सांगा, २० तारखेच्या आत जीएसटीचे थ्रीबी रिटर्न भरायचेत सगळ्या क्लायंटचे, लेक्चर नको प्लीज.

मिरजकर_काका
माप न देता शिंप्याला विचारताय कापड किती आणू. लॅपटॉप केवढा जुना? आत्ता रॅम किती? एकावेळी काय काय उघडं असतं? आणि तो १ टीबीचा आकडा हार्डडिस्कचा आहे हो, रॅमचा नाही. हार्डडिस्क म्हणजे कोठीची खोली, रॅम म्हणजे ओटा. कोठी रिकामी आहे म्हणून ओट्यावर पोळ्या लाटायला जागा होत नाही.

पेंग्विनप्रेमी
विंडोज काढून लिनक्स टाका. माझ्या २०१२ च्या लॅपटॉपवर ४ जीबीत मस्त चालतंय. रॅमचा खर्चच नको.

हिशेबाची_वही
लिनक्सवर टॅली चालेल का? आणि क्लायंटच्या मॅक्रोवाल्या शीटा??

पेंग्विनप्रेमी
वाईन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघता येईल. लिब्रे ऑफिस आहेच की.

एसएसडीवाला_बंड्या
अहो २० तारीख डोक्यावर आहे आणि तुम्ही त्यांना वाईन पाजताय 😄
ताई रॅम विसरा, हार्डडिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाका. मी माझ्या पाच वर्षं जुन्या डबड्यात टाकली, दीड मिनिटाचं बूट पंधरा सेकंदांवर आलं. रॅम तीच.

मिरजकर_काका
बूट लवकर होणं वेगळं आणि एक्सेलला जागा न पुरणं वेगळं. ताई, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा आणि तिथे दिसतंय ते सगळं इथे लिहा, स्लो झालेला असताना बघा, सकाळी सकाळी नको.

दगडूशेट८+८
माझ्या मोबाइलवर ८+८ = १६ जीबी रॅम लिहिलंय, म्हणजे मोबाइल लॅपटॉपपेक्षा भारी ना? तरी गेम अडकतो.

एसएसडीवाला_बंड्या
दुसरे ८ रॅमचे नाहीत भाऊ, स्टोरेजचा तुकडा रॅम म्हणून वापरतात. वेगळा धागा काढ.

हिशेबाची_वही
हे घ्या. एकूण ८ जीबी, वापरात ७.२. कमिटेड १२.४/१५.१. स्पीड २४००. स्लॉट वापरात २ पैकी १. फॉर्म फॅक्टर एसओडिम. डिस्क मात्र सारखी १००% आणि लाल. आय५ आठवी जनरेशन, विंडोज १०. टॅली, क्रोममध्ये जीएसटी पोर्टलचे वगैरे वीसेक टॅब आणि टूबी (खरेदीवरच्या जीएसटीचा पोर्टलवरचा तक्ता) जुळवायची एक्सेल, त्यात व्हीलूकअप (एका यादीतलं दुसरीत शोधणारं सूत्र) दीड-दोन लाख ओळींवर. हे आधी सांगायला हवं होतं का?

मिरजकर_काका
हेच तर विचारत होतो की हो.
कमिटेड बघा. तुमच्या प्रोग्रामांनी मिळून १२.४ मागितलेत आणि ओटा ८ चा. उरलेलं विंडोज हार्डडिस्कवर पेजफाइलमध्ये नेऊन ठेवतं, म्हणजे परात कोठीत ठेवायची, लागली की पळत जाऊन आणायची, तोवर दुसरं काहीतरी आत नेऊन ठेवायचं. डिस्क १००% बहुतेक त्यामुळेच. एक स्लॉट मोकळा आहे, ८ जीबी रॅमची डीडीआर४ पट्टी टाका, एकूण १६ होतील, तुमच्या कामाला पुष्कळ. सारख्या दोन पट्ट्या असल्या की ड्युअल चॅनलही मिळतं, म्हणजे दोन्हींतून एकदम डेटा जातो. काही लॅपटॉपांत रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, तिथे फॉर्म फॅक्टरला "रो ऑफ चिप्स" दिसतं, तुमची एसओडिम म्हणजे काढता-घालता येणारी पट्टी, नशीब समजा.

एसएसडीवाला_बंड्या
काका पण पेजफाइल एसएसडीवर गेली की तीच पळापळ जाणवत नाही. माझा अनुभव आहे.

मिरजकर_काका
जाणवत कमी असेल. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, डीडीआर४-२४०० ची एक पट्टी कागदावर १९.२ जीबी. आणि रोज तिच्यावर गिगाबाइटच्या गिगाबाइट लिहून तिलाच का झिजवायचं? मी एसएसडी नको म्हणत नाहीये, या लॅपटॉपला दोन्ही हवंय. पैसे एकाचेच असतील तर माझं मत आधी रॅम.

एसएसडीवाला_बंड्या
आणि माझं आधी एसएसडी. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव बघितलेत का? एआय डेटा सेंटरवाल्यांच्या चिपांकडे कारखाने वळले आणि आपल्या पट्ट्या महागल्या. १६ ची घ्या सांगणारा दुकानदार उगाच नाही खूश.

जुनाट_पीसी
आम्ही ३२ एमबीवर विंडोज ९८ चालवलंय आणि लेजर पण लिहिलेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन अजून ३२ आणली तेव्हा चाळीतली पोरं बघायला आली होती. आता नुसता क्रोम उघडला की गिगाबाइट खलास.

कोकणी_कीबोर्ड
तुम्ही सगळे ओट्यात अडकलात. तो मेसेज फक्त एक्सेल देतं ना? टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसेसला एक्सेलच्या नावापुढे (३२ बिट) लिहिलंय का?

हिशेबाची_वही
हो लिहिलंय!! म्हणजे काय?

कोकणी_कीबोर्ड
म्हणजे ते एक्सेल ४ जीबीच्या पलीकडे बघूच शकत नाही, लॅपटॉपमध्ये ६४ जीबी कोंबा नाहीतर. ३२ बिटचा पत्ता तिथेच संपतो. ऑफिस काढून ६४ बिटवालं टाका, लायसन्स तेच चालतं. फक्त एक बघा, टॅलीतून एक्सेलमध्ये ओडीबीसीने (दोघांना जोडणारा ड्रायव्हर) डेटा ओढत असाल तर तेही ६४ बिटचं लागेल, नाहीतर शिव्या मला घालाल. जुने अ‍ॅड-इन पण अडू शकतात. आणि व्हीलूकअप अख्ख्या कॉलमवर लावू नका, जेवढा डेटा तेवढीच रेंज द्या.

पेंग्विनप्रेमी
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, याबद्दल कोणीच बोलत नाहीये.

मिरजकर_काका
आठवी जनरेशन विंडोज ११ च्या यादीत बसते. २० तारीख झाली की बघतील.

हिशेबाची_वही
काल रात्री ६४ बिट टाकलं. टूबीची फाइल पहिल्यांदा न मरता पूर्ण झाली, हळू झाली पण झाली. ओडीबीसी वापरतच नाही, सुटले. आता ८ ची पट्टी आणि ५०० ची एसएसडी दोन्ही बसवायचं ठरलंय. दुकानात २४०० ची नाही, ३२०० ची आहे म्हणतो, चालेल?

मिरजकर_काका
चालेल, २४०० नेच धावेल. लॅपटॉपची डीडीआर४ द्या असं स्पष्ट सांगा, डेस्कटॉपची पट्टी लांब असते, बसणार नाही.

हिशेबाची_वही
ओके. आणि तो म्हणतो जुनी हार्डडिस्क इथेच ठेवा, दोनशे कमी करतो.

कोकणी_कीबोर्ड
ताई, सगळ्या क्लायंटचे पॅन, बँक स्टेटमेंट, पासवर्डच्या शीटा त्यात आहेत ना? दोनशे रुपये त्याच्या हातावर ठेवा आणि डिस्क घरी आणा.