ऐरोलीच्या गच्चीवर टोमॅटोचे बारा प्रकार: बी, बादल्या, वेळ यावर सल्ला हवा

गच्ची_ऐरोली
नमस्कार मंडळी. ऐरोलीत सिडकोच्या रो-हाऊसची गच्ची आहे, सकाळी आठपासून साडेतीनपर्यंत ऊन. यंदा टोमॅटोचे दहा-बारा प्रकार लावायचेत, प्रत्येकाचं एकच रोप. टोपलीभर पीक नको, चवी हव्यात: काळपट, पिवळे, पट्ट्यांचे, चेरी आणि सारासाठी आंबट गावठी. बी, माती, कुंड्या सगळं धरून बजेट ४,००० रुपये. त्यावर जाणार नाही. आपल्या हवेत कुठले येतात? बी कधी टाकू?

घोडबंदरकर
आधी ठिबक घ्या, बाकी सगळं नंतर. मी टायमरसकट बसवलं, साडेसहा हजार गेले. पण दिवाळीत गावाला जाऊन आलो तरी एक पान सुकलं नव्हतं. वर ५० टक्क्यांची शेडनेटही टाका. बारा कुंड्यांना रोज हाताने पाणी घालणं नोकरदार माणसाला झेपत नाही.

खारघर_टेकडी
बजेट ४,००० लिहिलंय हो त्यांनी. आणि हिवाळ्यात टोमॅटोवर शेडनेट कशाला? निदान सहा तास थेट ऊन हवं त्याला. शेडनेट मार्चनंतर.
ताई, चेरी लावा, बाकी विसरा. रात्रीचं तापमान २१-२२ अंशांच्या वर राहिलं की परागकण नीट काम करत नाहीत, फूल देठाशी पिवळं पडतं आणि गळतं. तेवढ्या गार रात्री आपल्याकडे साधारण नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. चेरी रोप लावल्यापासून दोन-सव्वादोन महिन्यांत पिकते. ब्रँडीवाईनसारखे मोठे तीन महिने खातात, म्हणजे उशीर झाला की फुलं थेट मार्चच्या उकाड्यात. मी तरी मोठ्यांच्या वाटेला जात नाही.

नारायणगावची_लेक
माहेरी टोमॅटोचीच शेती, म्हणून स्पष्ट लिहिते. बारा प्रकारांचा हट्ट नको. एकावर बोकड्या (पानं आकसून वळवणारा विषाणूरोग) आला की पांढरी माशी तो बाकीच्यांवर नेऊन पोचवते, आणि तुमच्या त्या काळ्या-पट्ट्यांच्या परदेशी जातींत प्रतिकारशक्ती नसते. अर्का रक्षक घ्या. बंगळुरूच्या आयआयएचआर या फलोत्पादन संशोधन संस्थेचा संकर आहे, बोकड्या, मर आणि लवकर येणारा करपा तिन्हींना तोंड देतो.
तरी लावणारच असाल तर रोपं कोवळी असतानाच जपा. ट्रेवर बारीक विणीची, ५० मेशची नेट टाका. मच्छरदाणीतून पांढरी माशी आरामात आत जाते. रोज सकाळी पानं उलटून बघा, धक्का लागला की पिठाची चिमूट उडाल्यासारख्या माश्या उठतात. पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर टांगा. बोकड्या आलेल्या रोपाला औषध नाही, उपटून पिशवीत बांधून टाका.

मी_सचिव_नेरूळ
बारा कुंड्या म्हणजे वजन किती, याचा विचार कोणी केलाय का? २० लिटर ओली माती पस्तीस किलोच्या घरात जाते. आमच्या इमारतीत वरच्यांच्या बागेमुळे खालच्यांच्या छताला ओल आली, दोन वर्षं झाली, अजून भांडण मिटलेलं नाही. कुंड्या मधे मांडू नका, कठड्यालगत बीमवर ठेवा. खाली विटा घाला म्हणजे स्लॅब वाळेल. अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलंत तर वजन बरंच उतरतं.

पाचपाखाडीचे_अण्णा
माझ्या भाच्याने अमेरिकेहून चेरोकी पर्पल या काळपट टोमॅटोचं बी आणलं होतं. काय चव! इथल्या कुठल्याच टोमॅटोला सर नाही. तुम्हीही कोणाला तरी सांगून मागवा. इकडचं बी घेऊ नका.

खारघर_टेकडी
अण्णा, बाहेरचं बी असं खिशातून आणता येत नाही. २००३ चा प्लांट क्वारंटाइन आदेश आहे, परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रीम, ग्रीन झेब्राचं बी इथलेच विक्रेते देतात.

पाचपाखाडीचे_अण्णा
पाकिटात वीस दाणे होते हो, ट्रक नव्हता.

बी_बियाणे_वाशी
विक्रेता मात्र पारखून घ्या. मी ऑनलाइन 'निळा टोमॅटो' मागवला, चार महिने वाढवला, निघाला साधा लाल. पैसे परत नाहीत, उत्तरही नाही. खरा जांभळट हवा तर इंडिगो रोझ, अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाने २०१२ मध्ये आणलेला. त्यातही उन्हाकडची साल तेवढी जांभळी, गर लालच. आतून निळा असं कोणी विकत असेल तर घेऊ नका.
आणि चेरीतला सनगोल्ड घेतलात तर तो संकरित आहे. त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तोच टोमॅटो येत नाही. बाकी जुन्या सरळ वाणांचं धरा: गर पाण्यात दोन-तीन दिवस आंबवायचा, वरचा बुळबुळीत थर सुटला की धुऊन सावलीत वाळवायचं. टोमॅटो स्वपरागी, शेजारी दुसरा असला तरी फारशी सरमिसळ होत नाही.

साधना_कळवा
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण ठिबक लावाच. आणि प्रत्येक कुंडीत अंड्याची टरफलं घाला, नाहीतर फळाचं बूड काळं पडतं.

नारायणगावची_लेक
टरफलं विरघळायला महिनोन्‌महिने लागतात, तोवर हंगाम संपतो. बूड काळं पडतं ते बहुतेक वेळा पाण्याच्या अनियमिततेने. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी तळं असं केलंत तर मातीत कितीही घाला. लांबट टोमॅटोला हा त्रास जास्त, चेरीला क्वचित.

साधना_कळवा
माझ्याकडे टरफलांनीच थांबलं. अनुभव आहे.

घोडबंदरकर
म्हणूनच ठिबक म्हणतोय पहिल्यापासून.

येऊर_पायथा
तुम्हाला माकडं नाहीत, नशीबवान आहात. आमच्याकडे पिकेपर्यंत एक शिल्लक राहत नाही, वनखात्याला सांगून थकलो. आता पहिला रंग दिसला की तोडतो आणि घरात टोपलीत पिकवतो. रंग फिरल्यावर तोडलेला टोमॅटो घरात व्यवस्थित पिकतो. बुलबुलांसाठीही हाच उपाय.

कोपरी_स्वयंपाकघर
ते गोड चेरी-बिरी सॅलडला ठीक. साराला आंबट गावठीच हवा, चपटा, खाचांचा, पातळ सालीचा. बाजारातला जाड सालीचा ट्रकमध्ये टिकावा म्हणून निवडलेला असतो. उकडला तरी साल चिवट, आणि सार गुलाबी पाण्यासारखं दिसतं. मग लोक चिंच घालतात! टोमॅटोच्या सारात चिंच?

साधना_कळवा
आम्ही घालतो चिमूटभर. काय बिघडतं?

कोपरी_स्वयंपाकघर
सार बिघडतं. गावठीचं बी विकत घ्यायची गरज नाही ऐरोलीकर. पिकलेला आंबट गावठी दिसला की त्याचंच धरा. राहुरी कृषी विद्यापीठाचा धनश्रीही बघा, नारिंगी रंगाचा.

गच्ची_ऐरोली
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते लिहिते.
प्रकार बाराच लावणार. ठिबक नाही, शेडनेट नाही. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या रंगाऱ्याकडून ६० रुपयांना मिळतायत, तळाला भोकं पाडून घेईन. चेरीहून मोठे चार, ब्रँडीवाईन, चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रीम आणि ग्रीन झेब्रा, यांचं बी ऑगस्टअखेर पत्र्याखाली टाकते, पाऊस ओसरला की बादल्यांत. चेरी आणि गावठी सप्टेंबरच्या मध्याला. अर्का रक्षक नाही घेत. ताई, तुमचं म्हणणं पटतं, पण तो टोमॅटो बाजारात मिळतो, बाकीचे मिळत नाहीत. चारपैकी एकाच मोठ्या झाडाला दोन फळं लागली तरी मला चालेल. ५० मेशची नेट आणि विटा मात्र नक्की.

नारायणगावची_लेक
एक बोकड्या दिसला की दया न दाखवता उपटा, एवढंच. ग्रीन झेब्रा पिकला तरी हिरवाच राहतो. पट्ट्यांमधला फिकट भाग पिवळसर झाला आणि बोटाला किंचित मऊ लागला की तोडा.

बी_बियाणे_वाशी
नावाच्या पट्ट्या पेन्सिलने लिहा. मार्कर उन्हात उडतो, मग कुठला कुठला ते फळ लागेपर्यंत कळत नाही. ब्लॅक क्रीमचं जास्तीचं बी आहे माझ्याकडे, हवं तर वाशी स्टेशनवर देतो. व्यक्तिगत निरोप करा.

घोडबंदरकर
दिवाळीत गावाला जाणार असाल तर पाण्याचं काय, ते सांगा.

गच्ची_ऐरोली
जाणार नाही.