'जलतापीय' की 'उष्णजलीय'?

पृच्छा : न्यूझीलंडमधील रुआपेहू ज्वालामुखीच्या मुखातील तळ्यावरचा एक लेख मराठीत आणताना 'हायड्रोथर्मल सिस्टिम' या संज्ञेपाशी अडलो आहे. 'उष्णजलीय', 'जलतापीय' आणि 'भूऔष्णिक' यांपैकी कोणता शब्द घ्यावा? शिवाय 'क्रेटर लेक'साठी 'विवरसरोवर' योजले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे लोणार उभे राहील अशी शंका आहे.

प्रतिसाद : 'भूऔष्णिक' आधी बाजूला ठेवावा. तो पृथ्वीच्या पोटातील एकूण उष्णतेसाठी आणि तिच्यापासून मिळणाऱ्या ऊर्जेसाठी रूढ आहे; त्यात पाण्याचा निर्देश नाही. उरलेल्या दोहोंत माझा कौल 'जलतापीय'ला आहे. 'उष्णजलीय' म्हटले की खाली ऊन पाण्याचा साठा आहे, एवढाच बोध होतो, आणि तो झऱ्यांना शोभतो (ज्यांना आपल्याकडे 'उन्हाळे' असा नेटका शब्द आहेच). तळ्याखाली चालते ते याहून गुंतागुंतीचे असते. शिलारसातून सुटणारे सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड यांसारखे वायू वर येताना भूजलात विरघळतात, पाणी तीव्र आम्लधर्मी होते, ते आम्ल भोवतालच्या खडकातील खनिजांची चिकणमाती करते आणि हीच चिकणमाती, गंधकासह, वायूंच्या वाटा बुजवू लागते. त्यातही गंधक विचित्र आहे : वितळल्यावर ते प्रथम पातळ असते, पण सुमारे 160 अंश सेल्सिअसच्या पुढे तापवले की अधिक पातळ होण्याऐवजी एकाएकी अतिशय चिकट होते.

शब्दाच्या निवडीने अर्थाला धक्का बसतो तो इथेच. रुआपेहूच्या तळ्याचे तापमान साधारण 15 ते 45 अंशांच्या दरम्यान वरखाली होत असते. तळे गार झाले, तर खालून येणारी उष्णता खरोखर घटलेली असेल किंवा तिची वाट बुजून खाली दाब साठत असेल. 25 सप्टेंबर 2007 रोजीचा उद्रेक झाला तेव्हा तळे गारच होते. 'उष्णजलीय प्रणाली' असे वाचलेला माणूस गार पाणी पाहून निर्धास्त होईल. 'जलतापीय' हा शब्द मात्र पाणी आणि ताप यांचा संबंध सांगतो, पाणी ऊनच असेल अशी हमी देत नाही. म्हणूनच अभ्यासक केवळ तापमापकावर विसंबत नाहीत. पाण्यातील मॅग्नेशियमचे क्लोराइडशी असलेले प्रमाण वाढले, तर आम्ल पाणी ताज्या, तप्त खडकाला भिडले असावे असा तर्क ते करतात, आणि त्याला बाहेर पडणाऱ्या वायूंच्या व भूकंपीय कंपनांच्या नोंदींची जोड देतात.

'विवर'विषयीची आपली शंका रास्त आहे. 'क्रेटर' हा मुळात मद्य आणि पाणी एकत्र करण्याच्या पात्राचा ग्रीक शब्द, म्हणजे त्यात आकार आहे. संस्कृत 'विवर' म्हणजे भोक, पोकळी, म्हणून तर ते 'कृष्णविवरा'तही खपते. दोन्ही शब्द उत्पत्तीबाबत मौन पाळतात. लोणारचे विवर उल्काघाताने झाले, रुआपेहूचे उद्रेकांनी. पहिल्या उल्लेखात 'ज्वालामुखीय विवरसरोवर' लिहावे, पुढे नुसते 'विवरसरोवर' पुरते.

पृच्छा : आभारी आहे. 'फ्रिअॅटिक' उद्रेकासाठी 'जलोद्रेक' चालेल का? आणि 'लाहार'चे काय करावे?

प्रतिसाद : 'जलोद्रेक' वाचून कारंजे किंवा पूर डोळ्यांपुढे येईल. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'विहीर', त्यावरून भूजल. ते पाणी क्षणार्धात वाफ होऊन खडक फोडते आणि नवा शिलारस बाहेर पडत नाही; तेव्हा 'बाष्पोद्रेक' अधिक अचूक आहे.

'लाहार' हा जावा बेटावरचा शब्द जगभर तसाच वापरला जातो, आपणही ठेवावा. फक्त मुद्रितशोधकाने त्याची 'लहर' करू नये. त्याला 'चिखलाचा उद्रेक' असा प्रतिशब्द मात्र देऊ नये. 24 डिसेंबर 1953 रोजी रुआपेहूच्या तळ्याचा बांध फुटून आलेल्या लाहाराने तांगीवाईचा रेल्वेपूल खिळखिळा केला, गाडी नदीत कोसळली आणि 151 माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी उद्रेक झालाच नव्हता. 'ज्वालामुखीय चिखललोट' असा खुलासा एकदा कंसात दिला की पुरे.