युद्धापूर्वीच्या बातम्या : इराकच्या उदाहरणावरून पडलेला एक प्रश्न

जिज्ञासू :
इराककडे महासंहारक शस्त्रे असल्याचा अमेरिकी सरकारचा दावा खोटा ठरला, हे आता कोणी नाकारत नाही. मात्र ज्या वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी तो दावा घरोघरी पोचवला, तेथे अनुभवी संपादक होते, सेन्सॉर नव्हता आणि सरकारविरुद्ध लिहिले म्हणून कोणाला तुरुंगात जावे लागणार नव्हते. असे असताना एवढ्या मोठ्या माध्यमव्यवस्थेने सरकारची बाजू जवळजवळ जशीच्या तशी का उचलून धरली? मालकांचे आर्थिक हितसंबंध हे त्याचे पुरेसे स्पष्टीकरण आहे का? शिवाय 20 मार्च 2003 रोजी युद्ध सुरू होण्यापूर्वीच खरे काय ते ओळखणे सामान्य वाचकाला शक्य होते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

शिलालेख :
मालकांच्या हितसंबंधांपासून सुरुवात केली तर उत्तर लवकर सापडते, पण ते अपुरे राहते. त्याऐवजी एकाच दिवसाकडे बारकाईने पाहावे, असे मला वाटते. 8 सप्टेंबर 2002 रोजी, रविवारी, 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर बातमी दिली की इराक विशिष्ट प्रकारच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवण्याच्या खटपटीत असून त्या अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांसाठी असाव्यात. बातमीचा मुख्य आधार होता प्रशासनातील नाव न दिलेले अधिकारी. त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत त्याच बातमीचा दाखला दिला, आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलीझा राईस यांनी दुसऱ्या वाहिनीवर अणुस्फोटाच्या ढगाची भीती बोलून दाखवली. म्हणजे प्रशासनातून निघालेली माहिती छापून आली आणि तेच प्रशासन ती जणू त्रयस्थाची साक्ष असल्याप्रमाणे लोकांपुढे ठेवू लागले.

दरम्यान, अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातील सेंट्रिफ्यूजच्या जाणकारांचे मत असे होते की त्या नळ्या या कामाला योग्य नाहीत आणि इराक पूर्वीपासून वापरत असलेल्या 81 मिलिमीटरच्या रॉकेटशी त्यांचे माप जुळते. हा मतभेद दडलेला नव्हता, पण तो बातमीच्या केंद्रस्थानी कधीच आला नाही. याचे कारण, माझ्या मते, वार्ताहराच्या कामाच्या पद्धतीत आहे. राजधानीतील वार्ताहराची सगळी मिळकत म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे असलेली ऊठबस. तिला धक्का लागला की पुढची बातमी प्रतिस्पर्ध्याकडे जाते. त्याच काळात 'नाइट रिडर' या वृत्तसमूहाच्या जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल या वार्ताहरांनी मधल्या फळीतील अधिकाऱ्यांशी बोलून पुरावा किती कच्चा आहे हे सातत्याने लिहिले. परंतु त्या समूहाचे वॉशिंग्टन किंवा न्यूयॉर्कमध्ये दैनिकच नव्हते, आणि जे वृत्त सत्ताधाऱ्यांच्या टेबलावर सकाळी पोचत नाही त्याला राजधानीत वजन येत नाही.

मुक्ता :
शिलालेख यांचे विवेचन पटले, तरी हितसंबंधांचा मुद्दा इतक्या सहज मागे टाकू नये. एनबीसी या दूरचित्रवाणी समूहाची मालकी तेव्हा लष्करी विमानांची इंजिने बनवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिककडे होती आणि त्याच समूहाच्या एमएसएनबीसी वाहिनीने युद्धविरोधी पाहुण्यांना जागा देणारा फिल डोनाह्यू यांचा कार्यक्रम फेब्रुवारी 2003 मध्ये बंद केला. वाहिन्यांवर 'लष्करी तज्ज्ञ' म्हणून बसणाऱ्या अनेक निवृत्त अधिकाऱ्यांचे संरक्षण कंत्राटदारांशी संबंध होते आणि पेंटॅगॉन, म्हणजे अमेरिकेचे संरक्षण खाते, त्यांना बोलण्याचे मुद्दे पुरवत होते, हे 'न्यूयॉर्क टाइम्स'नेच एप्रिल 2008 मध्ये उघडकीस आणले. प्रेक्षकांना मात्र त्या संबंधांची कल्पना सहसा दिली जात नव्हती, आणि मला हाच भाग सर्वांत अक्षम्य वाटतो.

अर्थकारणाबाबत मात्र 'तेलासाठी युद्ध' एवढे म्हणून भागत नाही. सप्टेंबर 2003 मध्ये व्यापलेल्या इराकचे प्रशासक पॉल ब्रेमर यांनी आदेश क्रमांक 39 काढून बहुतेक क्षेत्रांत शंभर टक्के परकीय मालकीला मुभा दिली. त्यातून तेल व अन्य खनिजांचे उत्खनन वगळले होते. पुढे 2009 मध्ये रुमैला या प्रचंड तेलक्षेत्राचे कंत्राट बीपी ही ब्रिटिश तेल कंपनी आणि चीनच्या सरकारी तेल कंपनीने मिळून घेतले, तेही वाढीव उत्पादनाच्या पिंपामागे केवळ 2 डॉलर शुल्कावर. लाभाचा खात्रीचा मार्ग तेलविहिरीपेक्षा अमेरिकी तिजोरीतून जात होता. चेनी 1995 ते 2000 या काळात ज्या हॅलिबर्टन या तेलक्षेत्राला सेवा पुरवणाऱ्या कंपनीचे प्रमुख होते, तिच्या उपकंपनीला इराकच्या तेलयंत्रणेच्या दुरुस्तीचे काम निविदा न मागवता मिळाले. युद्ध चालू असतानाच मे 2003 मध्ये करकपातीचा कायदा झाला आणि खर्च कर्जावर ढकलला गेला. ज्या युद्धाचा भार करदात्याला त्या वर्षी जाणवतच नाही, त्याचा हिशेब मागायला तो उभा कसा राहणार?

उत्तरायण :
एक वेगळी बाजू मांडतो. इराकचे सत्ताधीश सद्दाम यांनी वर्षानुवर्षे संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रनिरीक्षकांची अडवणूक केली होती, आणि युद्धाला विरोध करणाऱ्या फ्रान्स व जर्मनीच्या गुप्तवार्ता यंत्रणांनाही इराककडे काहीतरी शिल्लक असावे असा संशय होता. त्यामुळे सगळ्याच वार्ताहरांनी जाणूनबुजून दिशाभूल केली असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल.

जिज्ञासू :
सर्वांचे आभार. उत्तरायण यांचा मुद्दा रास्त आहे, पण संशय असणे आणि युद्ध पुकारण्याइतकी खात्री असणे यांत पुष्कळ अंतर आहे. माझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अजून राहिले आहे.

शिलालेख :
ओळखणे शक्य होते, असेच मी म्हणेन. 7 मार्च 2003 रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद एल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत जाहीरपणे सांगितले की अण्वस्त्र कार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा पुरावा आढळलेला नाही, नळ्या सेंट्रिफ्यूजसाठी असण्याची शक्यता दिसत नाही आणि इराकने आफ्रिकेतील नायजर देशातून युरेनियम खरेदीचा प्रयत्न केल्याच्या दाव्यामागची कागदपत्रे अस्सल नाहीत. म्हणजे प्रत्यक्ष पाहणी करणाऱ्या यंत्रणेचा, जबाबदार व्यक्तीच्या नावाने दिलेला अहवाल आणि निनावी सूत्रांचा दावा, दोन्ही वाचकासमोर होते. प्रश्न जागेचा होता. 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये वॉल्टर पिंकस यांचे पुराव्यांबद्दल शंका घेणारे वृत्त 16 मार्चला सतराव्या पानावर आले, तर ऑगस्ट 2002 पासूनच्या काळात प्रशासनाची भूमिका मांडणाऱ्या 140 हून अधिक बातम्या पहिल्या पानावर आल्याचे त्याच वृत्तपत्राने नंतर मोजून सांगितले.

फक्त एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. अमेरिकी काँग्रेसने युद्धाचा अधिकार अध्यक्षांना ऑक्टोबर 2002 मध्येच दिला होता, प्रतिनिधी सभागृहात 296 विरुद्ध 133 आणि सिनेटमध्ये 77 विरुद्ध 23 मतांनी. निरीक्षकांनी इराकमध्ये पुन्हा काम सुरू केले ते 27 नोव्हेंबरला. वाचकाने मार्चमध्ये सत्य ओळखले असते तरी ज्या प्रतिनिधीला त्याने जाब विचारायचा, त्याने आपले मत पाच महिने आधीच देऊन टाकले होते.