उमेदवार स्त्रिया आणि त्यांचे काम

प्रश्न : कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी १९२६ साली मद्रास प्रांतिक विधिमंडळाची निवडणूक लढवली आणि थोडक्या मतांनी त्या हरल्या. अशा पराभवाला इतिहासात काही मोल आहे का?

उत्तर १ : निश्चितच आहे. स्त्रीचे नाव मतपत्रिकेवर येऊ शकते, हेच तोवर अनेकांच्या गावी नव्हते. पुढे हस्तकलांच्या पुनरुज्जीवनासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्याला विधिमंडळातले पद लागले नाही.

उत्तर २ : मला मात्र डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी अधिक जवळच्या वाटतात. त्या निवडून आल्या नव्हत्या, १९२७ मध्ये मद्रास विधिमंडळावर नियुक्त झाल्या होत्या. तरीही देवदासी प्रथेविरुद्ध त्या सभागृहात ठामपणे उभ्या राहिल्या, आणि वसतिगृहांनी नाकारलेल्या मुली दारात आल्या तेव्हा त्यांनी त्यांना स्वतःच्या घरात ठेवून घेतले, ज्यातून पुढे ‘अव्वै होम’ उभे राहिले. देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा व्हायला १९४७ उजाडले.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. नियुक्तीचा हा तपशील मला ठाऊक नव्हता.

उत्तर ३ : १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. नियुक्तीची वाट पाहण्याची गरज तिथे तरी संपली.