चिखलातली टँडम रेस: मागे बसणाऱ्याला दिसत नाही, तर पुढच्यानं नेमकं काय करायचं?

चारपाय:
नमस्कार मंडळी. मी आणि माझा धाकटा भाऊ टँडम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल, चालवतो, मी पुढे, तो मागे. त्याची नजर गेल्याला सहा वर्षं झाली, त्याआधी तो माझ्यापेक्षा जोरात सायकल हाणायचा आणि टँडम घेतली तीसुद्धा त्याच्याच हट्टानं. डांबरी रस्त्यावर आमचं मस्त जमतं. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच ऑफरोड रेसला उतरलो, चार तासांची, एकच लूप पुन्हा पुन्हा मारायचा. आदल्या रात्री पाऊस झाला आणि सगळ्या ट्रॅकचा नुसता रेंदा झाला.

तीनदा पडलो. डावीकडची चेन दोनदा उतरली, एकदा तर भर चढावर, आणि ती बसवताना दोघांचे पॅडल मागेपुढे झाले ते कळायलाच पाच मिनिटं गेली. शेवटच्या उतारावर ब्रेक दाबला की लिव्हर पार हँडलला टेकत होता. पण हे सगळं चालतं हो, तिसऱ्यांदा पडल्यावर भाऊ म्हणाला, "दादा, तू काही सांगतच नाहीस, मी काय ओझं म्हणून बसलोय का मागे?" ते डोक्यातून जातच नाहीये. सायकल सरळ ठेवताना माझ्या तोंडातून शब्दच फुटत नव्हता हे खरंय.

दोन महिन्यांनी परत उतरायचंय, पाऊस असणारच आहे. टायर २.४ इंची, बारीक नक्षीचे, ट्यूबलेस, हवा ४० पीएसआय, दोघांचं मिळून वजन १५० किलो. टायर, ती डावी चेन आणि चालवताना एकमेकांशी काय बोलायचं, ह्या तिन्हीवर अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज.

जुनाटँडमवाला:
पहिल्यांदा हवा कमी करा. ४० वर ते टायर दगडासारखे होतात, चिखलात घसरणारच. आम्ही दोघं तुमच्याच वजनाचे, आम्ही पुढे २७ आणि मागे ३० वर जातो, रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला की दोन वाढवतो. बारीक नक्षी चिखलात एका मिनिटात बुजते आणि मग टायर म्हणजे गुळगुळीत रबर. उंच आणि लांबलांब असलेल्या गाठींचा टायर घ्या म्हणजे फिरताना माती झटकली जाते. थोडा अरुंद चालेल पण फार बारीक नको, टँडमच्या वजनाला रिम वाचायला हवी. आणि टायर आणि फ्रेममध्ये बोट सहज जाईल एवढी जागा पाहिजे, चिकट मातीत ती जागा भरली की चाक फिरायचंच थांबतं.

आता ओळ, म्हणजे चाक नेमकं कुठून न्यायचं ती वाट, कशी निवडायची. दोन माणसांचं वजन दोनच चाकांवर येतं, म्हणजे एकट्याच्या सायकलीपेक्षा प्रत्येक चाकावर साधारण दुप्पट. ह्याचा फायदाही आहे आणि तोटाही. वर पातळ राड आणि खाली घट्ट जमीन असेल तर टँडमचं चाक ती राड कापून खाली टेकतं आणि चांगलं धरतं, तिथे बाकीचे घसरत असताना तुम्ही सरळ जाता. पण खोल मऊ चिखलात तेच चाक जास्त रुततं. म्हणून डबकं दिसलं की घाबरून कडेला जाऊ नका, डबक्याचा तळ बऱ्याचदा कडेपेक्षा घट्ट असतो, कडेलाच खरा रेंदा असतो. अर्थात पहिल्या लूपला कुणीतरी त्यातून जाताना बघून घ्या.

चढावर टँडमचं पुढचं चाक उचलत नाही, सायकल लांब असते ना, त्यामुळे दोघंही बसून राहा, हलका गिअर आधीच टाका आणि गोल पॅडल मारा. उभं राहिलात की मागचं चाक जागच्या जागी फिरणार. ब्रेक चिखलात नाही, चिखलाच्या आधी मारायचा. आणि वेग मेला की टँडम परत हलवणं एकट्यापेक्षा खूप अवघड आहे, तेव्हा जिथे नक्की अडकणार असं दिसतंय तिथे चालत असतानाच ठरवून उतरा, रुतून पडल्यावर नाही.

मागचीसीट:
मी मागे बसणारी, मलाही दिसत नाही, अकरा वर्षं झाली टँडमवर. तुमच्या भावाचं वाक्य मला अगदी कळलं. पॅरालिम्पिकमध्ये टँडमच्या शर्यती असतात तिथेही मागे दृष्टिबाधित स्पर्धक आणि पुढे डोळस पायलट असतो, आणि मेडल दोघांना मिळतं. ओझ्याला मेडल देत नाहीत.

तुम्ही वाक्यं बोलायला जाताय म्हणून सुचत नाहीये. वाक्यं नकोत. एक एक शब्द ठरवा, घरी बसून, आणि तो भावाला ठरवू द्या कारण ऐकायचं त्याला आहे. आमचे असे आहेत: "हलकं" म्हणजे गिअर बदलतोय, पायाचा जोर काढ पण पाय फिरते ठेव. "सपाट" म्हणजे पॅडल मारणं थांबव, दोन्ही पाय एका पातळीत. "दणका" म्हणजे सीटवरून जरा उचल. "डावं", "उजवं" म्हणजे वळण येतंय. "जोर" म्हणजे असेल नसेल ते सगळं. बस एवढेच. शब्द एक सेकंद आधी आला पाहिजे, दणका बसल्यावर "दणका" म्हणून काय उपयोग. आणि आमच्यात एक नियम आहे की पुढचा चुकून उशिरा बोलला तर "उशीर" एवढंच म्हणायचं, भांडण फिनिश लाइन झाल्यावर.

आता महत्त्वाचं. बोलणं एकाच बाजूनं नसतं. मागचं चाक सुटायला लागलं की ते पुढच्याला कळायच्या आधी मला कळतं, सीटमधून आणि पॅडलमधून, पाय अचानक हलके होतात. मी लगेच "सुटतंय" म्हणते, मग आम्ही दोघं जोर थोडा कमी करतो आणि चाक परत धरतं. पाण्याचा, चिखलाचा आवाजही मला आधी येतो कारण माझं सगळं लक्ष तिकडेच असतं. हे काम भावाला द्या. खरंच द्या, म्हणजे तो "सुटतंय" म्हणाला की वाद न घालता ऐका.

तुमचं पडणं कसं झालं ते लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज की घसरताना त्यानं पाय काढला असेल किंवा उलट बाजूला झुकला असेल. मागच्यानं सायकलबरोबरच कलायचं, ती जिकडे जाईल तिकडे, अंग सैल ठेवून. ह्याला वेळ लागतो आणि ते विश्वासावरच येतं. उतरून ढकलायचं असेल तेव्हा त्याला तुमचा हात धरायला लावू नका, त्याच्या सीटसमोरचं हँडल धरून तोही ढकलेल, सायकलच त्याला वाट दाखवते.

ग्रीसचेहात:
डावी चेन म्हणजे टायमिंग चेन, दोघांचे पॅडल जोडणारी. तिला उजव्या चेनसारखं ओढून धरायला डिरेलर (गिअर बदलणारा मागचा भाग) नसतो, त्यामुळे झिजून लांबली की सैल होते आणि चिखल दात्यांवर चढला की उचलून बाहेर पडते. पुढच्या पॅडलचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलचा आस बसतो तो भाग, बहुतेक एक्सेंट्रिक असतो, म्हणजे आस त्याच्या मधोमध नसतो, बोल्ट सैल करून तो फिरवला की चेन ताणली जाते. मधोमध बोटानं वरखाली केल्यावर एक ते दीड सेंटिमीटर हलली पाहिजे, जास्त नाही आणि अगदी कडकही नाही. पॅडल पूर्ण फिरवून सगळीकडे बघा, चेनरिंग, म्हणजे पॅडलजवळची दातेरी चक्रं, कधीच शंभर टक्के गोल नसतात. रेसच्या आदल्या दिवशी दोन्ही चेनरिंगवर एकेका दात्याला रंगाचा ठिपका लावा आणि त्यांच्यामधल्या चेनच्या वरच्या कड्या मोजून ठेवा, चेन उतरली तर पॅडल जुळवायला पाच मिनिटं जाणार नाहीत.

ब्रेकबद्दल: तुमचे पॅड रेझिनचे असणार. ओल्या चिखलात ते एका रेसमध्ये पत्र्यापर्यंत झिजतात, वर टँडमचं वजन. मेटलचे, म्हणजे सिंटर्ड लावा, आवाज करतात पण टिकतात. रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, त्याला चालतो का ते बऱ्याचदा रोटरवरच लिहिलेलं असतं, आधी वाचा. २०३ मिमीचे रोटर नसतील तर तेही बघा. आणि रेस झाली की प्रेशरचं पाणी हबवर आणि बॉटम ब्रॅकेटवर मारू नका, बेअरिंगमध्ये चिखल तुम्हीच ढकलता.

चक्रम_चाक:
एक आयडिया, दोघांचे पॅडल ९० अंशांनी मागेपुढे लावले तर? एकाचा जोर संपतो तिथे दुसऱ्याचा येतो, मागचं चाक झटक्यानं सुटणार नाही.

जुनाटँडमवाला:
कागदावर बरोबर आहे आणि आम्ही एक सीझन करून पाहिलंय. पण ऑफरोडला पुढच्याचे पाय सपाट असतात तेव्हा मागच्याचा एक पाय थेट खाली लोंबतो आणि मुळावर, दगडावर आपटतो. आणि मागच्याला दिसत नसेल तर तो धोका मी घेणार नाही. जुळलेलेच ठेवा.

चारपाय:
सगळ्यांचे मनापासून आभार, भावाला सगळं वाचून दाखवलं. मागचीसीट ताई, तुमचा अंदाज बरोबर, तीनपैकी दोनदा त्यानं पाय काढला होता आणि मी त्याला कधी काही सांगितलंच नव्हतं. शब्द त्यानंच ठरवले, "सपाट" त्याला "सुटतंय"सारखं ऐकू येतं म्हणून त्याच्याऐवजी "थांब" घेतलं.

काल मुद्दाम पावसानंतर शेताच्या कडेच्या चढावर गेलो. हवा उतरवलेली, टायर जुनेच. अर्ध्यात तो "सुटतंय" म्हणाला, मला काहीच जाणवलं नव्हतं, पण ऐकलं, जोर काढला आणि चाकानं पकडलं. वर पोचेपर्यंत चारदा म्हणाला आणि चारही वेळा बरोबर. मग परत खाली जाऊन आणखी दोनदा चढलो कारण त्याला थांबायचंच नव्हतं.

एक अडचण, एक्सेंट्रिकचा बोल्ट गंजून बसलाय. रात्रभर तेल सोडून ठेवलंय.

ग्रीसचेहात:
हातोडा लावू नका. सकाळी नाही हलला तर फोटो टाका, बोल्ट कुठल्या प्रकारचा आहे ते बघून सांगतो.