किनाऱ्यावरच्या शाळेच्या लॅबला हार्ड डिस्क हव्यातच कशाला?

खारा वारा
गुहागर असो की वेंगुर्ला, खाऱ्या हवेत डिस्क कशाला? लॅबमधल्या मशिनांतून त्या काढा आणि सगळी एलटीएसपीवर (एकाच सर्व्हरवरून नेटवर्कने मशिनं सुरू करणारी लिनक्सची सोय) घ्या, असं माझं मत. समजा २० मशिनं आहेत. सर्व्हरला ८ जीबी रॅम आणि एक एसएसडी पुरते, कारण प्रोग्राम मशिनवरच चालतात, सर्व्हर फक्त फायली वाढतो. स्विच २४ पोर्टांचा, गिगाबिटच (१००० एमबीपीएस). मशिनला ४ जीबी रॅम हवी. २ जीबीवरही सुरू होतं, पण मशिनवर लिहिलं जाणारं तात्पुरतं सगळं रॅममध्येच साठतं, चार टॅब उघडल्या की धाप लागते. सर्व्हरवर हवी ती सॉफ्टवेअरं घालायची, 'एलटीएसपी इमेज /' चालवायचं, त्याच सिस्टिमची दाबून बसवलेली प्रत तयार. मग एलटीएसपीच्याच चार आज्ञा: डीएनएसमास्क (बूटची माहिती देणारा), आयपीएक्सई (बूटचा मेनू), एनएफएस (फायली वाटणारा), इनिटआरडी (मशिनला सुरुवातीलाच लागणारी माहिती, खात्यांसकट). राउटरचं डीएचसीपी (मशिनांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सोय) आहे तसंच राहू द्या, डीएनएसमास्क प्रॉक्सी म्हणून फक्त बूटची माहिती देतो. भर तासाला लाइट गेली तरी मशिनमध्ये बिघडायला काही नाही.

चिऱ्याची भिंत
अहो, एका डिस्कचं दुखणं वीस जणांना वाटून देताय. सर्व्हर बसला की अख्खा वर्ग बाकावर. शिवाय एसएसडीत फिरणारं काही नसतं. खारी हवा खाते ते केबलचे कनेक्टर. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच. आरजे४५च्या (केबलच्या टोकाच्या कनेक्टरच्या) एका पिनेवर हिरवं पुट चढलं की लिंक गुपचूप १००वर उतरू शकते. डिस्कवाल्या मशिनला पत्ताही लागत नाही, तुमचं मात्र डेस्कटॉप येईपर्यंत रांगतं. त्यापेक्षा एक मशिन नीट लावा आणि क्लोनझिलाने (डिस्कची हुबेहूब प्रत काढणारं सॉफ्टवेअर) बाकीच्यांवर प्रत टाका.

खारा वारा
वीसवर एकदम टाकायची तर ती मशिनंही सहसा नेटवर्कवरूनच बूट करतात. म्हणजे पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करण्याची सोय) तुमच्याही घरात आलंच! पेनड्राइव्ह घेऊन एकेक करायचं तर खुशाल बसा. पिनेचं मात्र मान्य. इथटूलने (नेटवर्क तपासायची लिनक्सची आज्ञा) स्पीड १००० दिसतो का बघायचं. नसेल तर टोक कापून नवा कनेक्टर क्रिम्प करायचा. केबल अस्सल तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची पावसाळी दमटपणात टिकत नाही.

भरती-ओहोटी
लॅब बंद पडते ती बहुतेकदा यापेक्षा बारीक गोष्टींनी. यूपीएस सर्व्हरला लावतात, स्विचला विसरतात. मग सर्व्हर जिवंत आणि वीसही पडदे थिजलेले. पडद्यावर 'पीएक्सई-ई५१' आलं तर डीएचसीपीचं उत्तरच मिळालेलं नाही. मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलींचं वेटोळं टाळणारी सोय) चालू असेल तर पोर्ट उघडायला ३० सेकंद लागतात, तोवर पीएक्सई कंटाळून सोडून देतं. मशिनांच्या पोर्टांवर पोर्टफास्ट (ही वाट न बघण्याची सेटिंग) करा. 'ई३२' आलं तर टीएफटीपी (बूटच्या फायली आणणारा मार्ग) अडलंय, म्हणजे बहुधा फायरवॉलने त्याचं पोर्ट, यूडीपी ६९, अडवलंय. यूईएफआय (नव्या फर्मवेअरच्या) मशिनांवर सिक्युअर बूट (सही असलेलंच सुरू होऊ देणारी सेटिंग) बंद ठेवा.

आणि नवीन विद्यार्थ्यांची खाती सर्व्हरवर उघडल्यावर 'एलटीएसपी इनिटआरडी' पुन्हा चालवायचं आणि मशिनं रीबूट करायची. हे हमखास राहतं, मग पासवर्ड बरोबर असून लॉगिन होत नाही आणि मुलांवर डाफरणं सुरू. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल ओढू नका, मृगाआधीच्या विजा तिच्यावरूनच आत येतात. तिथे फायबर.

डिस्क काढूच नका. बूटक्रमात नेटवर्क पहिलं, डिस्क दुसरी. सर्व्हर गेला तर मशिनं डिस्कवरून उठतील.

चिऱ्याची भिंत
म्हणजे दोन संसार. त्या वीस डिस्कांवरची सिस्टिम अपडेट कोण करणार?

भरती-ओहोटी
कोणी नाही. लिब्रेऑफिस आणि टायपिंगपुरती ठेवायची, इंटरनेटशिवाय. मुलांच्या फायली सर्व्हरवर असतात, त्या तेव्हा दिसणार नाहीत, एवढं फळ्यावर लिहून ठेवा.